आबांनी तोलून घेतलेला स्पीकर

आमच्या समाधानभाऊजींना लोक भेटले की हटकून विचारतात, "गिटारच्या दोन तारा तुटल्या का?" भाऊजी हसतात. कॉलेजपासून हसत आलेत. त्यांच्या जागी मी असते तर विचारणाऱ्याला तिथंच सुनावलं असतं, की बाबा रे, हा बेस गिटार आहे, याला चारच तारा असतात, आणि तुझ्या तोंडात बत्तीस दात असून तू काय मोठं शहाणपणाचं बोललास? पण भाऊजी उलट तारेवर बोट ठेवून समजावत बसतात, "ही जाड तार बघा. हिचा आवाज खाली राहतो, गाण्याच्या पायात." समोरचा मान हलवतो आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच विचारतो.

समाधान म्हणजे माझा धाकटा दीर. आमचं घर बहादरपुरात, बुऱ्हाणपूरच्या अगदी हाताशी. माझे यजमान कागद कारखान्यात नोकरीला, सुट्टीला तेवढे घरी येतात. त्यामुळे केळी, मोटर, म्हशी हे सगळं भाऊजींच्या अंगावर, आणि भाऊजींच्या डोक्यावर आमचे सासरे, काशिनाथ आबा. मी रावेरची. माझी जीभ तिखट आहे असं घरात म्हणतात. ते खरं आहे, पण या घरात कुणीतरी बोलायला नको का? आबा बोलतात ते फक्त केळीविषयी आणि भाऊजी बोलतात ते फक्त विचारलं तर.

बेस गिटारही त्यांनी निवडला नव्हता. कॉलेजच्या गॅदरिंगला एकाने गिटार उचलली, एकाने ढोलक, दोघं माइकसाठी भांडले. कोपऱ्यात जे वाद्य उरलं ते भाऊजींनी उचललं. लग्नातही ते असेच. सगळे फोटोत असतात, भाऊजी पाण्याच्या टँकरपाशी. पण त्या उरलेल्या वाद्यावर या माणसाचा जीव जडला तो जडलाच. बागेला पाणी सोडताना, म्हैस धुताना, त्यांची बोटं मांडीवर चालू असतात. माझी जाऊ प्रतिभा म्हणते, झोपेतही चालू असतात.

बुऱ्हाणपुरात ललित नावाच्या माणसाची भजन पार्टी आहे. दिवसा मोबाइलची कव्हरं विकतो, संध्याकाळी गातो. गळा गोड आहे, आणि ते त्याला जरा जास्तच माहीत आहे. भाऊजी त्याच्याकडे बेस वाजवतात. म्हणजे आम्ही समजतो की वाजवतात. त्यांची वायर सगळ्यांच्या वायरींबरोबर त्याच मोठ्या भोंग्यांत जाते, वर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ललितचा गळा, त्यामुळे भाऊजींचं काही ऐकू येणं शक्यच नाही. आबांनी एकदा कार्यक्रम बघून सरळ विचारलं, "तू वाजवतो का रे, का नुसता उभा राहतो?" त्यानंतर आबा कधी कार्यक्रमाला आले नाहीत.

यंदा ललितने नवा कीबोर्ड घेतला. त्यात डाव्या हाताने दोन पट्ट्या दाबल्या की बेसचा आवाज आपोआप निघतो. तो आमच्याकडे आला, माझ्या हातचा चहा प्यायला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "समाधान भाऊ, बुरा मत मानो. ताप्ती जन्मोत्सवाला राजघाटावर आपला प्रोग्राम आहे. तुम्ही स्वतःचा अॅम्प आणि कॅबिनेट आणा. पब्लिकला बेस ऐकू आला तर ठीक. नाही तर पुढच्या सीझनपासून कीबोर्डवरच काम चालवू. गाडीत जागाही होते."

चहा मी परत मागू शकत नव्हते, म्हणून गप्प बसले. अॅम्प म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारी पेटी आणि कॅबिनेट म्हणजे ज्यातून तो आवाज बाहेर पडतो ते स्पीकरचं खोकं, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं. भाऊजी "चालेल" म्हणाले आणि शेतात गेले. संध्याकाळी बघतो तर मोटर तशीच चालू आणि केळीच्या ओळींमध्ये तळं. एवढ्या वर्षांत हा माणूस मोटर बंद करायला कधी विसरला नव्हता. प्रतिभा मला म्हणाली, "ताई, लागलंय त्यांना." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण मी ललितवर इतकी संतापले होते की रडायला सवड मिळाली नाही.

केळीला यंदा भाव बरा होता, तेव्हा पैशाचं रडगाणं इथे नाही. अडचण निवडण्याची होती. भाऊजी जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून व्हिडिओ बघायचे. दहा इंची स्पीकर दोन घ्यावेत का पंधरा इंची एक? दहाचा आवाज टणक, पंधराचा भरदार. अॅम्प किती वॅटचा? मला वरण वाढताना ते विचारत, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" मला वाटायचं वरण निवतंय.

शेवटी इंदूरच्या एका दुकानात जायचं ठरलं. सकाळी पिकअप काढली तर पुढच्या सीटवर आबा आधीच बसलेले, धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा गमछा.

"तुम्ही कुठं आबा?" भाऊजींनी विचारलं.

"एवढी मोठी वस्तू घ्यायची आणि घरातलं जाणतं माणूस नको?"

मग मीही चढले. या बापलेकांना एकत्र सोडलं तर इंदूरला जाऊन परत येईपर्यंत एक शब्द निघायचा नाही, आणि वस्तू कोणती आणतील देव जाणे.

इथं आबांची एक रीत सांगायला हवी. आबांचं सगळं आयुष्य काट्यासमोर गेलं. केळी वजनावर विकायची, आणि व्यापाऱ्याचा काटा नेहमी व्यापाऱ्याच्याच बाजूचा. त्यामुळे घड हातात घेतला की किती भरेल हे आबा अचूक सांगतात, आणि काट्याशी भांडतात. भांडण जिंकतातही. पण त्यातून त्यांचा असा पक्का समज झालाय की जगातला सगळा माल वजनावर ओळखता येतो. घरातला पंखा, कुकर, शिलाई मशीन, सगळं त्यांनी उचलून बघून घेतलंय. माझ्या यजमानांनी त्यांना नवा मोबाइल दिला तो "यात काही भरलेलं नाही" म्हणून परत केला. मला बघायला आले होते तेव्हा मी पाणी दिलं, तर आबांनी तांब्या पाणी पिण्याआधी हातावर तोलला आणि माझ्या वडलांना म्हणाले, "घर चांगलं हाये." आमचं लग्न त्या तांब्याने जमवलं असं माझं मत आहे.

दुकानात मृणाल नावाची एक मुलगी होती. चटपटीत, स्वभावाने गोड. तिने भाऊजींना स्टुलावर बसवलं, हातात बेस दिला आणि एक नवा अॅम्प जोडून दिला. अॅम्प म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा. खाली कॅबिनेट, दोन दहा इंची स्पीकरचं, सुबक. भाऊजींनी जाड तार छेडली आणि माझ्या हातातल्या बांगड्या आपोआप किणकिणल्या. आवाज स्वच्छ, गोल, कुठे फाटणं नाही. इतकी वर्षं भाऊजी मांडीवर जे वाजवत होते ते हे होतं तर! मी खरंच चकित झाले. भाऊजींनी डोळे मिटले होते.

आबा उठले. त्यांनी कॅबिनेटची मूठ धरली आणि एका हाताने ते उचललं. मग दुसऱ्या हाताने तो अॅम्प. दोन्ही हातांत दोन भोपळे धरल्यासारखे उभे राहिले आणि मृणालकडे बघून म्हणाले, "बेटी, इसमें माल कहां है?"

"अंकल, नई टेक्नॉलॉजी है, हल्का ही आता है. अब सब लोग यही लेते हैं."

"पोकळ हाये," आबांनी मराठीत निकाल दिला. "समाधान, ठेव ते खाली. फसवून राहिले तुले."

आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं चादरीखाली कुणीतरी विकायला ठेवलेलं एक जुनं धूड उभं होतं. आबांनी चादर काढली. कमरेएवढं काळं कॅबिनेट, कोपऱ्यांना पत्रे ठोकलेले, चाकं गंजलेली, वर लोखंडी अॅम्प. आबांनी दोन्ही हात घातले, श्वास रोखला, उचलायला गेले. ते हललं नाही. आबांचा चेहरा उजळला. लग्नात, नातवंडांच्या बारशाला, कधी मी तो चेहरा इतका उजळलेला बघितला नव्हता.

"हं," आबा म्हणाले. "हा माल हाये."

मृणाल घाबरली. "अंकल, ये बहुत पुराना है. इसको उठाने में ही चार आदमी लगते हैं!"

"तेच तर सांगून राहिलो मी!" आबा म्हणाले.

भाऊजी मला बाजूला घेऊन कुजबुजले, "वहिनी, नवंच चांगलं आहे. मी एकटा उचलू शकतो. घाटावर न्यायचंय."

"मग सांगा ना त्यांना. तोंड कशाला दिलंय देवाने?"

त्यांनी आबांकडे बघितलं. आबा आपल्या नव्या गमछ्याने त्या धुडावरची धूळ पुसत होते. कोपरे, पत्रे, मुठी, सगळं मन लावून, बैलपोळ्याला बैल पुसतात तसं.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "आबांनी माझ्या वाजवण्यातली एक तरी वस्तू हातात घेतलीय. पहिल्यांदा."

मी मृणालला म्हटलं, ते जुनंच जोडून दे. जुनं धूड वाजवून बघितलं. आवाज जरा घोगरा होता, पण वाजलं. ते आमच्या पिकअपमध्ये चढलं आणि पिकअप मागून बसली.

बहादरपुरात ते उतरवायला केळी कापणारी गडीमाणसं बोलवावी लागली. ओसरीवर ठेवून भाऊजींनी पहिला सूर काढला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची सगळी ताटं वाजली. एक पातेलं खाली आलं. आबा कान देऊन ऐकत होते.

"भांडी वाजली," ते म्हणाले. "तुझं काय वाजलं?"

भाऊजी नेहमीसारखे हसले. मी पातेल्याचा पोचा बघत बसले.

जन्मोत्सवाच्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ते राजघाटावर नेलं. ललितने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, ये अलमारी कहां से उठा लाए? स्टेज तर खाली पाण्याजवळ आहे!" घाटाच्या पायऱ्या उतरत्या, दगडी, आणि आषाढातल्या ओलीने गुळगुळीत. आमच्या गड्यांनी एकदा उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. ललित घड्याळ बघायला लागला, आणि त्याला मनातून बरंच वाटत असावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आबा मात्र शांत होते. त्यांनी ट्रॉलीकडे बोट केलं. ट्रॉलीत त्यांनी केळीचे खांब भरून आणले होते. घड कापल्यावर जे हिरवे खांब शेतात पडून राहतात ते. "हे आंथरा पायऱ्यांवर," आबा म्हणाले. "रसानं निसटतात. मागून दोर धरा. मोटरपंप आम्ही विहिरीत असाच उतरवला व्हता."

आणि खरंच, ते धूड केळीच्या खांबांवरून डुलत डुलत खाली जायला लागलं. बायकांनी आरतीची ताटं सावरून वाट दिली. आबा बाजूने उतरत ओरडत होते, "ढील दे! ढील दे!" गड्यांनी ढील दिली. जरा जास्त दिली. धूड सुसाट सुटलं, बायका किंचाळल्या, मी डोळे मिटले, आणि धाडकन आवाज झाला. उघडून बघते तर अर्ध्या घाटावर, जिथं पायऱ्या थोड्या रुंद होतात, तिथं ते बाजूच्या दगडी भिंतीत जाऊन अडकलं होतं. सगळं शाबूत होतं, पण वर ओढता येईना, खाली नेता येईना. आणि गड्यांनी धुडावरचा हात काढला की पुढे सरके.

"मी बसतो यावर," आबा म्हणाले. "वजन पाहिजे." आणि ते खरंच त्याच्यावर चढून मांडी घालून बसले.

खाली पार्टी, मध्ये पब्लिक, वर अर्ध्यात आबा. आता भाऊजींची वायर काही स्टेजपर्यंत पोचेना. मंडपवाल्याने वीज वर आणून दिली, आणि समाधानभाऊजी आपला बेस घेऊन पायरीवर, बायकांच्या घोळक्यात, आबांच्या पायाशी बसले. ललितने माइकवरून सांगितलं, "आमचे बेस प्लेअर आज पब्लिकमध्ये आहेत." लोक हसले. भाऊजींचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं. एवढी धडपड करून या माणसाचं शेवटी हसंच व्हायचं होतं.

ताप्तीमाईचं पहिलं भजन सुरू झालं. भाऊजींनी मान खाली घातली आणि वाजवायला लागले.

माझ्या शेजारी आमच्या आळीतली म्हातारी सोजरबाई बसली होती. तिने चपला काढल्या, पाय पायरीवर टेकवले आणि मला ढोसलं. "निर्मला, पायरी गुरगुरून राहिली वं!" मीही तळवे दगडाला लावले. खरंच. मागे भिंत, खाली दगड, आणि ते धूड कोपऱ्यात घट्ट बसलेलं. आवाज कानात येण्याआधी पायातून वर येत होता. पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. लहान पोरं धुडाला हात लावून हात मागे घ्यायला लागली.

मी आबांकडे बघितलं. पहिल्यांदा त्यांनी मागे वळून बघितलं, खालून कोणी ढकलतंय का म्हणून. मग त्यांनी लाकडावर तळहात ठेवला. मग भाऊजींच्या बोटांकडे बघितलं. बोट हललं की तळहाताखाली काहीतरी होतंय, हे त्यांनी दोनतीनदा ताडून बघितलं, काट्यावरचा आकडा ताडतात तसं. पुढच्या भजनाला त्यांचा गुडघा हलायला लागला. ते मला दिसलं, प्रतिभालाही दिसलं, फक्त भाऊजींना नाही, कारण ते खाली बघत होते.

आणि तेवढ्यात ललित माइकवरून बोलला, "समाधान भाऊ, अगला भजन कीबोर्ड पर होने दो. आप जरा आराम करो."

मी लगेच ओळखलं. हा बघत होता, यांच्यावाचून चालतं का ते. भाऊजींनीही ओळखलं. त्यांनी तारांवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. बोटं हलवलीसुद्धा नाहीत.

भजन सुरू झालं. कीबोर्डवाल्याचा डावा हात डुगडुग करत होता. ललित छान गात होता. खोटं कशाला सांगू, मला आधी काही कमी वाटलं नाही आणि त्याचाच मला धसका बसला. लोक टाळ्या धरत होते. बस, चालतंय यांच्यावाचून, असं मनात आलं.

आबांनी धुडावर थाप मारली. बंद पडलेल्या पंपावर मारतात तशी. पुन्हा मारली. मग ते उठायला लागले आणि धूड करकरत पुढे सरकलं.

"आबा, बसा! बसा!" सगळ्या बायका ओरडल्या.

आबा बसले. पण बसल्या जागेवरून त्यांनी आवाज काढला, जो ते बागेत शिरलेल्या रानडुकरांसाठी राखून ठेवतात तो. "ए ललित! बंद कर! गाणं पोकळ झालं!"

भजन थांबलं. ललित माइक धरून वर बघत राहिला.

"वजन काढून घेतलं कोणी त्यातलं?" आबा म्हणाले. "आधी भरलेलं व्हतं! पोराले वाजवू दे माह्या!"

आधी हशा पिकला. पण मग सोजरबाई म्हणाली, "खरंच वं, पायरी मेली." आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बेस लगाओ, भाई!" मग दुसरा, मग तरुण पोरांचा सगळा घोळकाच. ललित हसला, तोंडदेखलं का होईना, आणि त्याने हात वर करून भाऊजींना खूण केली. भाऊजींनी डोळे पुसले, बेस मांडीवर घेतला आणि जाड तारेपासून सुरुवात केली. आबांनी दोन्ही तळहात लाकडावर ठेवले.

कार्यक्रम संपल्यावर ललित स्वतः पायऱ्या चढून वर आला. "भाऊ, आपकी जगह पक्की. फक्त पुढच्या वेळेपासून ही अलमारी आणू नका, हात जोडतो."

"मग काय ते हवेचं आणू?" आबा म्हणाले.

वर चढवायला अख्ख्या जत्रेतली माणसं लागली, आणि प्रत्येकाने आबांना काहीतरी ऐकवलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. घरी निघालो तेव्हा ट्रॉलीत धूड, धुडावर आबा, आणि बाकीचे आम्ही केळीच्या उरलेल्या खांबांवर. बहादरपूरच्या वळणावरची बाभळ आली तेव्हा आबा म्हणाले, "समाधान, तू इतकी वर्षं हेच वाजवत व्हता का?"

"हो, आबा."

"मग आधी सांगायचं नाही का रे?"

मी तोंड उघडलं. या माणसाने किती वर्षं, किती लोकांपुढे, तारेवर बोट ठेवून काय सांगितलं ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. प्रतिभाने माझा हात दाबला.

"आता सांगितलं ना, आबा," भाऊजी म्हणाले.

आबांनी थोडा विचार केला. मग ते धुडावर एका बाजूला सरकले आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला.

"मग बस इथं. एकट्याच्या वजनानं हलून राहिलं हे."